काकांची घातक अदब

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांइतका घातक माणूस अख्ख्या पुण्यात नाही, आणि त्यांनी आयुष्यात कुणाला साधं ‘अरे’ म्हटलेलं नाही. काका सिनेमाचे संवाद लिहितात. लिहितात तसंच बोलतात, म्हणजे इतकं नम्र की समोरचा आधी ‘थँक्यू’ म्हणतो आणि जिना उतरल्यावर त्याला जखम सापडते. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकात एकाने गाडी आडवी लावली. मी घोषणा द्यायच्या तयारीत, तेवढ्यात काका पुढे होऊन म्हणाले, "असू द्या, असू द्या. आपण कशाला त्रास घेता? आम्ही इमारतच जरा मागे घेतो." गाडी निघाली, शिवाय तो माणूस आता त्यांना रोज नमस्कार करतो! मोर्चांसाठी मी लिहिते ती पत्रकंही ते वाचतात. एका पत्रकात मी ओळीओळीला ‘धिक्कार’ लिहिला होता. "जोरदार आहे गं," ते म्हणाले, "फक्त वाचणाऱ्याला चिडायला काही शिल्लक ठेवलं नाहीस."

मला हे मुळीच पटत नसे. अन्यायाला कसलं अहो-जाहो? थेट जाब विचारावा! यंदा त्यांनी एका सिनेमासाठी वस्ती पाडण्याचा प्रसंग लिहिला. दारात बुलडोझर उभा, आणि म्हातारी साहेबाला म्हणते, "चहा घेणार ना? आत्ताच सांगा बरं. नंतर चूल कुठे असेल, सांगता येत नाही."

"काका, शिव्या घालू द्या की तिला!"

"शिव्या तिला येतात गं. पण दारात आलेल्याला चहा विचारणं तिला सुटत नाही. तेच तर पाडायला आलेत ते."

त्या एका वाक्यासाठी ते दिग्दर्शकाकडे पुन्हा पुन्हा गेले. बाकी माझं सगळं कापा, म्हणाले.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. पडद्यावर म्हातारी किंचाळली, छाती बडवली, तळतळाट दिले. चहाचं वाक्य गेलं होतं. टाळ्या पडल्या, काकांनीही वाजवल्या. बाहेर दिग्दर्शकाने विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज फार सुरेख. थेट रस्त्यापर्यंत आला असेल."

तो खूश होऊन दुसऱ्यांकडे वळला.

येताना सिग्नलला काका मागून हळूच म्हणाले, "त्या वाक्याला लोक हसले असते ना गं?"

"हसले असते. आणि मग गप्प झाले असते."

"किती वेळ?"

"घरी पोचेपर्यंत," मी म्हटलं.

मग विश्रांतवाडी येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.