देवाचा कोंबडा

आत्याबाई माणसाच्या तोंडाकडं बघायच्या आधी पायाकडं बघायच्या. मी लग्न होऊन सासरी आले, बैलगाडीतून उतरले, तेव्हा बाकीच्या बाया पदर सारून माझा रंग बघत होत्या. या बाईनं वाकून माझे पाय बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नडग्या दणकट हायेत. टिकंल." मला राग आला. पुढं कळलं, कोंबडीची पिल्लंसुद्धा त्या अशीच बघायच्या.

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं परत पाठवलेल्या. मागच्या परसात कडब्याच्या गंजीजवळ त्यांची खोपटी होती आणि दारापुढं कोंबड्यांचा खुराडा. आपलं रडगाणं त्यांनी कुणाला ऐकवलं नाही. एकदाच बोलल्या, "त्यानं दुसरी केली. तिलाबी झालं न्हाई. मंग खोट कुणात होती? पण पारख करायची म्हणलं की बायकोचीच करत्यात." एवढं बोलून तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. विषय संपला.

गावात त्यांना मान होता तो एकाच गोष्टीसाठी. महिना-दीड महिन्याचं पिल्लू हातात घेऊन ते नर की मादी हे त्या सांगायच्या. निजाम नुकताच गेला होता, पण आमच्या रीती जुन्याच होत्या. कोंबडी बटईनं द्यायची, म्हणजे कोंबडी एकीची, सांभाळायची दुसरीनं आणि पिल्लं दोघींत निम्मी. पण नुसती मोजून वाटणी होत नाही. तलंग, म्हणजे अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, घरात राहते आणि नर पाहुण्याच्या ताटात जातो. एकीकडं सगळे नर गेले की भांडण ठरलेलं. म्हणून वाटणीच्या दिवशी आत्याबाईंना बोलावणं यायचं. डोक्यावरून पदर घेऊन त्या पंचायतीला निघाल्यासारख्या जायच्या. त्यांनी सांगितल्यावर कुणी उलट बोलत नसे. माझ्या सासूबाई एरवी त्यांना भाकरी वाढताना भांडी आपटायच्या, पण त्या दिवशी "वन्सं, च्या घेऊन जावा" म्हणायच्या.

मला त्यांनी शिकवलं ते शेण काढता काढता. "तुरा बघायचा, पण नुसत्या तुऱ्यावर जायचं न्हाई. नराचा तुरा आधी लाल होतो. पाय बघ, नराचे जाड असत्यात. शेपूट बघ, मादीला लवकर फुटतंय. नर लय दिवस बोडकाच हिंडतो." शेवटी त्या पदर पिल्लांवरून एकदम फडकवायच्या, घारीची सावली पडावी तसा. जी जमिनीला चिकटायची त्या माद्या. जे मान उंच करून उभे राहायचे ते नर. "बघ, कोण आलं म्हणून बघत उभा राहिलाय मुडदा. घार यालाच नेती." सासूबाई कोंबडी बसवताना गोल गोल अंडी निवडायच्या, त्यातून माद्या निघतात म्हणून. आत्याबाई म्हणायच्या, "तसं असतं तर या गावात एक कोंबडा आरवला नसता."

घरात माझी स्वतःची अशी एकच वस्तू होती. चुडाव्याहून, माझ्या माहेराहून, आईनं दुरडीत घालून दिलेली काबरी कोंबडी. आगगाडीत बाकाखाली ठेवून मी ती सेलूपर्यंत आणली, तिथून बैलगाडीनं घरी. पुढच्या पावसाळ्यात आई पटकीनं गेली. कोंबडीचा मला लळा नव्हता, कोंबडी ती कोंबडी. पण तिची अंडी देऊन मी सुईदोरा आणि बांगड्या कुणाला न विचारता घेत होते, आणि आईच्या हातचं दुसरं काही माझ्याकडं उरलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास गिरदावर, म्हणजे तलाठ्यावरचा महसुलाचा साहेब, आमच्याकडं मुक्कामाला आला. मी नदीवर धुणं धुवायला गेले होते. सासऱ्यांनी तीच कोंबडी कापली. मी परत आले तर आत्याबाई परसात तीन दगडांच्या चुलीवर रस्सा ढवळत होत्या. "तुझी हाय," म्हणाल्या. "मी नको म्हणलं. माझं कोण ऐकतंय." काबरीची पिल्लं दोनच उरली होती, बाकीची घारीनं आणि मुंगसानं नेलेली. एक तांबडं, एक आईसारखं काबरं. तांबडं नर होतं आणि काबरं मादी, हे आता मलाही दिसत होतं. काबरी राहिली तर आईच्या कोंबडीची जात राहील, एवढंच माझ्या मनात होतं.

दिवाळीला नणंद आली, जिंतूरकडं दिलेली. त्याच वेळी आमचा आजारी बैल उठला. सासूबाईंनी त्याच्यासाठी म्हसोबाला कोंबडा बोलला होता. आमच्यात देवाचा कोंबडा लहान असतानाच निवडतात, पायात लाल दोरा बांधतात आणि चैत्रातल्या जत्रेत देवाला देतात. दोरा बांधला की ते देवाचं. त्याला घरात कापायचं नाही, विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "वन्सं, या दोन पिलांतला नर देवाला काढा. तलंग माझी लेक घेऊन जाईल." कोंबडी माझी होती. मला कुणी विचारलं नाही.

आत्याबाईंनी दोन्ही पिल्लं उचलून पाय बघितले, पंख पसरून बघितले, मग खाली सोडून पदर फडकवला. काबरं जमिनीला चिकटलं. तांबडं मान वर करून उभं राहिलं. त्यांनी काबरं उचललं आणि म्हणाल्या, "ह्यो नर. बांधा दोरा."

"आत्याबाई, ती तर तलंग हाय..."

"गप! चौथी शिकली म्हणून कोंबड्यातलं कळायलंय व्हय तुला?"

सगळे हसले. नणंद म्हणाली, "वैनी, म्हसोबाला पाटीवर लिहून दाखवा की." मी उठून चुलीपुढं जाऊन बसले. म्हातारीची नजर गेली आणि माझी तलंग आता जत्रेत मरणार, असं मी धरून चालले. बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनाही त्याचं काही नव्हतं.

थंडी सरली तरी देवाचा कोंबडा आरवेना. "वन्सं, ह्यो तोंड कामून उघडंना?" सासूबाई विचारायच्या.

"देवाचा हाय. तुमच्या नवऱ्यावानी उगं बोंबलत न्हाई."

"आन् तुरा?"

"काबऱ्याला उशिरा येतो."

मग नणंदेचा निरोप आला की तुम्ही दिलेली तलंग पहाटे सगळी आळी उठवायलीय. आणि जत्रा तोंडावर आली असताना देवाच्या कोंबड्यानं बैलाच्या गव्हाणीत अंडं घातलं.

घरात गोंधळ उडाला. सासूबाई कपाळ बडवायला लागल्या. "म्हसोबाला मादी चालत न्हाई. आन् दोरा बांधलाय, घरात सुरी लावता येत न्हाई."

"मंग हिंडू दे तशीच," सासरे म्हणाले.

"आन् अंडी?"

"मला काय विचारती?"

"मी न्हाई बाई हात लावणार देवाच्या अंड्याला. जिची व्हती तिनं बघावं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या सुपात ज्वारी पाखडत होत्या, मान वर केली नाही. नवस फेडायला त्यांनी आपला तांबडा, मोठ्या तुऱ्याचा कोंबडा काढून दिला. त्याला त्या अंगाखांद्यावर खेळवत. "चूक माझी, कोंबडा माझा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी मी खोपटीत गेले. "आत्याबाई, तुमाला ठावं होतं."

"काय ठावं? डोळे गेले माझे."

"आन् देवाला फसवलं त्याचं काय?"

"त्याला कोंबडा पोचला का न्हाई? चांगला थोरला पोचला. म्हसोबाचं माझं मी बघून घेईन. तू अंडं उचल, कावळा फोडंल."

त्यानंतर त्यांना वाटणीला कुणी बोलावलं नाही. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "आत्याबाई, माझा नवरा नर हाय का मादी, बघून सांगा की." त्या म्हणायच्या, "धाडून दे. पाय बघून सांगते." हसण्यावारी न्यायच्या. पण कुठं वाटणी आहे असं कानावर आलं की त्या दिवशी डोक्यावरून पदर घेऊन खुराड्यापाशी बसून राहायच्या. सासूबाईंचा चहाही बंद झाला. त्या बाईजवळ मानाची एकच गोष्ट होती, ती तिनं माझ्या कोंबडीपायी घालवली. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या.

काबरी जगली. लाल दोरा कुजून गळून पडला तरी तिला कुणी हात लावला नाही. घरात तिचं नाव शेवटपर्यंत देवाचा कोंबडा हेच होतं. "देवाचा कोंबडा खुडूक बसलाय" म्हटलं की पाहुणे माझ्या तोंडाकडं बघत. किती गिरदावर आले आणि जेवून गेले. तिची पिल्लं माझी, पिल्लांची पिल्लं माझी.

पुढं काही वर्षांनी आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि नजर खरोखर गेली. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी काबरीच्या नातीची पिल्लं त्यांच्या ओच्यात टाकली. उगाच, त्यांचा वेळ जावा म्हणून. त्यांनी एकेकाच्या पायावरून बोट फिरवलं, पंख चाचपले. "नर. मादी. मादी. नर. ही मादी." मी नर एका डालग्याखाली आणि माद्या दुसऱ्याखाली झाकल्या. सासूबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. "डोळे होते तवा कळंना, आन् आता?"

पिल्लं मोठी होईपर्यंत मी दोन्हीकडची वेगळी राखली. एका डालग्याखालचे सगळे आरवायला लागले. दुसऱ्याखालचं एकही नाही. सासूबाई डालग्यापाशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खोपटीच्या दारात गेल्या.

"वन्सं."

"काय?"

"लय बेरकी बाई तुमी."

आत्याबाई तंबाखू चघळत राहिल्या. सासूबाई मागं वळल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "बघती काय? च्या टाक वन्संला. दूध घालून."

त्या पावसाळ्यात आत्याबाई गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा पाय मी धुतले. नडग्या दणकट होत्या.