आत मीटिंग चाललीय

पुण्याच्या ऑफिसने सगळ्यांना परत बोलावलं, तेव्हा लासुर्ण्याच्या स्टँडवर आबा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले होते. बारामतीची एसटी लागली, तशी त्यांनी माझी बॅग वर चढवली. मग खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "हितं कुठं अडत हुतं गं तुझं काम?"

खरंच, काही अडत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये खताच्या पोत्यांच्या खोलीत मी लॅपटॉप मांडला आणि तिथूनच परदेशातल्या लोकांशी बोलू लागले. दहा वाजले की आबा अख्खं घर गप्प करत. हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून दारावरून जात. आबा रस्त्यात हात आडवा करून उभे राहत. "गाणं बंद कर बाबा. आत मीटिंग चाललीय." ड्रायव्हरही घर ओलांडेपर्यंत गुमान जात. आई चेष्टा करायची, "आत पोरगी हाय का बाळंतीण?"

पुण्यात सगळं चकाचक होतं. काचेची केबिन, मशीनची कॉफी. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशीही आम्ही हेडफोन लावून चॅटवरच बोलायचो. मग इथे यायचं कशाला, हे कुणी विचारत नसे. तुम्हीही गाव सोडलं असेल, तर ही शांतता तुमच्या ओळखीची असेल. मला ती खायला उठायची.

इकडे आबांचं विसरणं वाढत चाललं. आई फोनवर सांगायची, "अजून ट्रॅक्टर अडवत्यात. म्हनत्यात, पोर आत हाय." सुरुवातीला मी हसले. मग भीती वाटू लागली. साहेबांच्या मागे लागून, बढतीवर पाणी सोडून, मी कायम घरून काम करायची परवानगी मिळवली. आबा मला ओळखतात तोवर घर गाठायचं होतं.

काल सकाळी पोचले. आबा त्या खोलीच्या बंद दाराशी खुर्ची टाकून बसले होते. "आबा, मी आले. आता परत जायचं नाही," मी म्हणाले. त्यांनी घाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला बाई. आत पोरगी कामाला बसलीया. तुमी कुनाकडं आलाय?"

आई काही सांगायला पुढे झाली, मी तिला थांबवलं. आबा जिच्यासाठी दार राखत होते, ती घर सोडून कधी गेलीच नव्हती. मला तिचा हेवा वाटला. हे घर आता तिचं आहे. मी चपला काढल्या, आवाज न करता बॅग टेकवली आणि आबांच्या शेजारी, तिचं काम संपायची वाट पाहत बसले.