माझ्या जावेचा घसा

माझी धाकटी जाऊ बसस्थानकावर गाड्या पुकारते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली सुटते आहे, कुठली उशिरा येणार, हे तिने सांगायचं. त्यासाठी तिला काचेच्या खिडकीची एक खोली आहे, खुर्ची आहे, टेबलावर माइकही आहे. फक्त तो चालत नाही. बंद पडला त्याच दिवशी तिने साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "बघू." झालं. त्यानंतर साहेबांनी काही बघितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तोवर बाईने काय करावं? खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओरडावं. बाहेर इंजिनं घरघरतायत, हॉर्न वाजतायत, आणि ही त्या सगळ्यांच्या वर. स्थानकावरचे लोक तिला कौतुकाने 'भोंगा' म्हणायला लागले. तिला त्याचं हसू यायचं. मला संताप यायचा. धडधाकट बाईचं यंत्र करायचं आणि वर कौतुक म्हणायचं!

मग व्हायचं तेच झालं. आधी घसा खरखरला, मग आवाज चिरका झाला, आणि एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा.

सासूबाईंनी फर्मान काढलं, "हिने आता कुजबुजतच बोलायचं. घशाला आराम." ती कुजबुजायची म्हणून सगळं घरच कुजबुजायला लागलं. मीठ मागायचं तरी एकमेकांच्या कानाशी जायचं. शेजारीण दारातूनच विचारून गेली, कुणी सिरियस आहे का? जावेचा नवरा, म्हणजे माझा दीर, मात्र खुशीत. "बायकोचा आवाज बंद! नशीब काढलं मी," असं चारचौघांत सांगत हिंडायचा. दीर म्हणून सोडला, नाहीतर त्याचाही आवाज मीच बंद केला असता.

शेवटी मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी.

"कापायची घाई नको," डॉक्टर म्हणाले. "आधी आवाजाची थेरपी घ्या. आज कापल्या आणि उद्या तशाच ओरडलात, तर गाठी पुन्हा येतील. मग आवाज पहिल्यासारखा होईल की नाही, सांगता येत नाही."

थेरपीवाल्या बाई तरुण आणि चांगल्याच फटकळ निघाल्या. जावेची कुजबुज ऐकली आणि कडाडल्या, "हे कुणी शिकवलं? कुजबुजताना घसा आणखी आवळतो. हळू बोला, पण आवाज काढून बोला. झाडू धरून हाताला घट्टे पडतात ना? तसंच झालंय तुमच्या घशात. आता झाडू धरायची पद्धत बदलायची."

म्हणजे आमचं अख्खं घर जिवाच्या आटापिट्याने तिचा घसा बिघडवत बसलं होतं!

मग सुरू झाले व्यायाम. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवायची आणि तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. ओठ मिटून गुणगुणायचं. खांदे सैल सोडून पोटातून श्वास घ्यायचा. घसा खाकरायचा नाही, त्याऐवजी घोटभर पाणी प्यायचं. दीर हसून हसून लोळला. जावेने रजा वाढवायला फोन केला तर साहेब म्हणाले, "बुडबुडे काढायला रजा? नवीनच ऐकतोय."

मी फोन हिसकावून घेतला. "तुमच्या माइकचं नवीन काही ऐकू येतंय का, ते सांगा आधी!"

"बघू," म्हणाले.

तिने मात्र कुणाकडे लक्ष दिलं नाही. रोज ग्लास घेऊन बसायची. खरखर कमी होत गेली, आणि एक दिवस मागच्या खोलीतून हाक आली, "ताई!" स्वच्छ, गोल, तिची स्वतःची. हातातलं पातेलं टाकून मी धावले. रडलेसुद्धा, त्यात लाज कसली?

ती कामावर जायच्या आधी थेरपीवाल्या बाईंनी बजावलं, "त्या खिडकीतून ओरडलात, की केलेलं सगळं पाण्यात."

पहिल्या दिवशी मीही सोबत गेले. माइक तिथेच, धूळ खात.

"आला ना घसा ठिकाणावर? लागा कामाला," साहेब म्हणाले.

"आणि माइक?"

"बघू. तोवर घ्या चालवून."

मी तोंड उघडणार तोच तिने माझा हात दाबला. खुर्चीत बसली, घोटभर पाणी प्यायली, खांदे सैल सोडले, आणि त्या मेल्या माइकसमोर, घरात बोलावं तशा आवाजात तिने पहिली गाडी पुकारली. खिडकीपलीकडे कुणाला ओ की ठो कळलं नाही. मग दुसरी पुकारली. मग तिसरी. लोक भलत्याच फलाटावर धावले, गाड्या रिकाम्या सुटल्या, आणि सगळा जमाव साहेबांच्या दारावर जाऊन धडकला.

साहेब लालबुंद होऊन आले. "जोरात बोला की!"

"बोलतेय ना, साहेब. माझा आवाज एवढाच आहे. पुढचं काम माइकचं."

जमाव हटेना, तेव्हा साहेबांनी स्वतःच खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. दुपारी खाकरायला लागले. संध्याकाळी नुसती हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माइकवाला हजर! एक वायर निसटली होती. समोरचा चहा गार व्हायच्या आत जोडून मोकळा झाला. माझ्या जावेचा घसा फाटला तेव्हा हा माणूस याच गावात होता, हीच वायर होती. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

परवा साहेब तिच्या खिडकीशी आले आणि कुजबुजत थेरपीवाल्या बाईंचा पत्ता मागू लागले. तिने लगेच दिला, कुजबुजू नका हेही सांगितलं.

मी असते तर म्हटलं असतं, बघू.