मापताना कापड ओढायचं नाही

खोट काढणं हा माझा धंदा. लोक वेबसाइट बनवतात, मी ती मोडून दाखवतो आणि त्याचा पगार घेतो. ऑफिसात मला 'खोडकाढे' म्हणतात, आणि खरं सांगतो, मला ते आवडतं. त्यामुळे शेजारच्या टेबलाशी नवशिक्या काकू येऊन बसल्या तेव्हा मनात म्हटलं, चला, रोजच्या खोटांची सोय झाली.

काकू सत्तेचाळीस वर्षांच्या. बावीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. मग खांदा धरला आणि डॉक्टरांनी शिलाई मशीन कायमचं बंद करायला लावलं. बाई रडत बसली नाही. कॉम्प्युटरचा कोर्स करून पोराच्या वयाच्या मुलांमध्ये आली. नोकरी तीन महिन्यांची, कच्ची. आमच्या टीमच्या लीडने बजावलं होतं, "काकू, डोळ्यांच्या दवाखान्याचं पान शुक्रवारपर्यंत सुधारा. जमलं तर तुम्ही पक्क्या, नाहीतर तीन महिन्यांवरच थांबावं लागेल."

पानाचं दुखणं असं. अधू नजरेची माणसं अक्षरं मोठी करायचं बटण दाबायची. अक्षरं वाढली की तळाशी चिकटवलेली सूचनेची पट्टीही फुगायची आणि 'नंबर लावा' हे बटण तिच्याखाली गडप! ज्यांच्यासाठी पान, त्यांनाच नंबर लावता येईना. लीडने आधी लिहिलं होतं, ब्राउझरच्या खिडकीचा आकार बदलला की पट्टी मोज आणि बटणाला तेवढी जागा सोड. पण खिडकी होती तेवढीच राहायची, पट्टी वाढायची. मग पठ्ठ्याने सेकंदाला दहा-दहा वेळा मोजायला लावलं, तर जुने फोन धापा टाकायला लागले. आगीतून फुफाट्यात.

"अहो खोडकाढे," काकू म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचं पोट सुटलं का हे बघायला दुकानाचं दार कशाला मोजायचं? पोटच मोजायचं ना?"

"मग काय, दिवसभर त्याच्या पोटाला टेप लावून बसता?"

"छे! कपडा घट्ट झाला की तोच येतो सांगत."

आणि बाईने शोधून काढलंच. ब्राउझरमध्ये असा एक पहारेकरी असतो. त्याला एखाद्या चौकटीवर नेमलं की तिचा आकार बदलला तरच तो हाक देतो, एरवी गप्प. काकूंनी तो पट्टीवर नेमला.

गुरुवारी दुपारी सगळ्यांसमोर अक्षरं मोठी केली. पट्टी वाढली. आणखी वाढली. वाढतच गेली, अख्खा स्क्रीन गिळून बसली! मी खो-खो हसलो. आज त्याची लाज वाटते. लीड नुसता "बरं" म्हणून निघून गेला. काकूंचा चेहरा पार उतरला.

बऱ्याच वेळाने त्यांनी पर्समधून जुना टेप काढला, बोटांना गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. आणि एकदम कपाळावर हात मारला.

"अगं बाई, मीच ओढतेय की!"

झालं होतं असं, की काकू बटणासाठी लागणारी मोकळी जागा त्या पट्टीच्याच आत घालत होत्या. पट्टी वाढली की पहारेकरी हाक देणार, काकू आणखी जागा घालणार, पट्टी आणखी वाढणार. "मापताना कापड ओढायचं नाही, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी सांगायचे. आणि इथे स्वतःच!" त्यांनी पट्टीला हात लावायचं सोडलं आणि ती जागा पानाच्या तळाशी दिली. दोन ओळी बदलल्या, बस्स.

शुक्रवारी दवाखान्याच्या व्यवस्थापक बाई आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई, बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा लावून. आजींनी फोन नाकाला लावला आणि अक्षरं मोठी केली. एकदा नाही, पाच वेळा. माझाच जीव टांगणीला लागला. पट्टी फुगली, आणि तेवढंच पान वर सरकलं. बटण ढळढळीत समोर. आजींनी बोट टेकवलं.

"लागला की गं! सूनबाई, माझा नंबर माझा मी लावला. तू नुसती बघत होतीस!"

लीडने तिथेच सांगून टाकलं, "काकू, पक्क्या." अख्ख्या ऑफिसने टाळ्या पिटल्या.

मी तरी ऐकतोय होय? तासभर ते पान आडवं केलं, उभं केलं, पिळून काढलं. शेवटी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'खोट सापडली नाही', आणि खाली सही केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. लिहिताना माझीच छाती फुगली होती.

काकूंनी कागद दोनदा वाचला, घडी केली आणि पर्समध्ये टेपशेजारी ठेवला.

"खोडकाढे," डोळे पुसत म्हणाल्या, "जरा मोठ्या अक्षरात लिहायचंत की. आता जागा आहे."