मानेपासून कमरेपर्यंत

जाहिरात नामंजूर झाल्याचा निरोप जाऊबाईंच्या मोबाइलवर आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते आणि त्या बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसल्या होत्या. मशीनचा आवाज मधेच थांबला. त्या आत आल्या, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "वाच बरं. मले बराबर समजलं का नाई ते सांग."

निरोप मराठीतच होता. जाहिरातीत लैंगिक स्वरूपाचा मजकूर आहे, म्हणून ती दाखवता येणार नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मोहरी करपल्याचा वास घरभर पसरला तरी मला गॅस बंद करायचं सुचेना. आमच्या जाऊबाई म्हणजे दारात दूधवाला आला तरी आधी पदर सावरणारी बाई. त्यांना कुणीतरी अश्लील ठरवलं होतं, आणि तेही लेखी.

थोडं मागचं सांगते. जाऊबाईंचं काही वर्षांपूर्वी अकोल्याला ऑपरेशन झालं. कर्करोगामुळे एक स्तन काढावा लागला. आमच्या घरात त्याला नुसतं 'ऑपरेशन' म्हणतात, कशाचं ते कुणी उच्चारत नाही. मी एकाच चुलीवर त्यांच्यासोबत स्वयंपाक करते, पण मीसुद्धा कधी विचारलं नव्हतं. परत आल्यावर त्यांचं एकही ब्लाऊज अंगाला बसेना. एका बाजूने वर सरकायचं, खांदा उतरायचा, चालताना तोल गेल्यासारखं व्हायचं. मग त्यांनी स्वतःच मऊ सुती कापडाची पिशवी शिवून ब्लाऊजच्या आत बसवली. स्पंज भरून पाहिला, तो हलका म्हणून वर चढला. शेवटी माहेरच्या शेतातला कापूस आणला आणि सरकी न काढता तसाच भरला. सरकीचं वजन आलं आणि खांदा सरळ झाला. तपासणीला गेल्या तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी ते पाहिलं आणि आणखी दोघीजणींना मेहकरला आमच्या घरी पाठवलं. त्यातली एक आरशासमोर उभी राहून इतकी रडली की मी चहा घेऊन दारातूनच परत फिरले.

त्या दिवशी जाऊबाई मला म्हणाल्या, "तू साऱ्या गावाची जाहिरात करतं. मायी काऊन नाई करत?"

खरंच करते मी. मेहकरच्या साडीवाल्यांच्या, शिकवणीवाल्यांच्या, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या जाहिराती मी घरबसल्या मोबाइलवरून सोशल मीडियावर टाकते. त्यामुळे जाहिरात नामंजूर होणं माझ्यासाठी रोजचं आहे. व्यायामशाळेवाला 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन पोटं शेजारी-शेजारी लावतो, नामंजूर. शिकवणीवाला 'शंभर टक्के नोकरी' लिहितो, नामंजूर. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगते की, बाबा रे, आधी कारण वाच. तीच जाहिरात दहादा ढकलू नको, खातंच बंद करतील. चूक आपली असेल तर दुरुस्त कर, त्यांची असेल तरच फेरतपासणी माग. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. स्वतःच्या घरात निरोप आला आणि माझं सगळं ज्ञान करपलं.

दुपारी जाऊबाईंनी मशीनवर चादर टाकली. कापसाचं गाठोडं माळ्यावर चढवलं. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "घाणच हाय ते, तं लोकायले कायले दाखवा." ते ऐकून मला इतका राग आला की हातातलं भांडं मी आपटलंच. ब्लाऊज विकली जातील की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. इतक्या वर्षांनी ही बाई स्वतःच्या अंगाबद्दल पहिल्यांदा तोंड उघडत होती, आणि ते उघडताक्षणी कुणीतरी त्यावर हात ठेवला होता.

मी फेरतपासणी मागितली. माणूस पाहील तर त्याला कळेल, अशी माझी खात्री होती. जाहिरातीसाठी काढलेल्या जाऊबाईंच्या फोटोत साडी होती, कोपरापर्यंत बाह्या होत्या, तसूभर अंग उघडं नव्हतं.

आता आणखी एक अडचण सांगायला हवी. नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे जाऊबाईंचे यजमान आणि माझे भासरे, घरातच असतात. त्यांच्यासमोर मी डोक्यावरून पदर घेते, थेट बोलत नाही, आमचं बोलणं जाऊबाईंच्या मार्फत चालतं. त्यामुळे जाहिरात कशामुळे अडली हे मी त्यांना सांगणार तरी कसं? जाऊबाईही सांगेनात. भासऱ्यांना एवढंच कळलं की कुठल्या तरी कार्यालयाने अर्ज फेटाळला. भासरे तहसीलच्या चकरा मारून मुरलेले. त्यांनी जाऊबाईंच्या मोबाइलवर बोटाने टकटक करत कंपनीला लिहून टाकलं: मा. साहेब, विनंती अर्ज करण्यात येतो की, अर्जदार ही मेहकर येथील कायम रहिवासी असून तिची वर्तणूक चांगली आहे. खाली लिहिलं, सोबत रेशनकार्ड जोडले आहे. आणि खरंच रेशनकार्डाचा फोटो जोडला.

एरवी मला हसू आलं असतं. पण त्याच संध्याकाळी फेरतपासणीचा निकाल आला. जाहिरात नामंजूर, आणि पुन्हा असं झालं तर जाहिरात देण्याची सोयच काढून घेऊ अशी तंबी. आता एकच संधी होती.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जाऊबाईंना ओळखत नाही असं समजून फोटोकडे पाहिलं. आणि मला धक्काच बसला. फोटोला डोकंच नव्हतं. मानेपासून कमरेपर्यंत नुसतं धड, आणि चौकटीच्या मधोमध छाती. मीच काढला होता तो. जाऊबाईंची अटच होती, "तोंड नोको येऊ देऊ. गावात काय तोंड घेऊन फिरू?" आमच्याकडे बाईमाणसाची लाज राखायची म्हणजे चेहरा झाकायचा, हे आम्हा दोघींना इतकं सवयीचं होतं की चेहरा काढून टाकल्यावर मागे काय उरतं हे आम्ही पाहिलंच नाही. जी लाज राखायला आम्ही निघालो होतो, तिनेच आमचा फोटो तसला केला होता.

मजकूरही मी पुन्हा वाचला. 'तुम्हाला स्तनाचा कॅन्सर झाला आहे का?' ही पहिली ओळ जाऊबाईंची. आमच्या इकडे एसटीत शेजारी बसलेली बाईसुद्धा लेकरं किती, ऑपरेशन कशाचं, सगळं विचारून घेते, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण जाहिरातीत वाचणाऱ्याच्या आजारावर असं बोट ठेवलेलं चालत नाही. सांगायचंच असेल तर स्वतःचं सांगावं लागतं.

म्हणजे दुरुस्ती अशी होती: फोटोत चेहरा हवा, आणि मजकुरात 'माझं ऑपरेशन झालं' असं हवं. मी जाऊबाईंना हे सांगितलं आणि त्यांच्याकडे पाहायची मला हिंमत झाली नाही. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मला वाटलं, संपलं.

भासरे ओसरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठून आत आले, आणि माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली त्यात पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलले. "फोन दे इकडं. मी काढतो." मग बायकोला म्हणाले, "चाल, उजेडात उभी राह्य. अकोल्याहून तुले जितं आणलं, ते काय लपवाले आणलं?"

फोटो त्यांनी काढला. जाऊबाई मशीनशेजारी उभ्या आहेत, हातात शिवलेलं ब्लाऊज आहे, चेहरा घाबरलेला आहे. खाली मी त्यांच्याच तोंडचं लिहिलं: माझं स्तनाचं ऑपरेशन झालं आहे. स्वतःसाठी शिवता शिवता आता मी इतर बहिणींसाठीही ब्लाऊज शिवते. जाहिरात पाठवली. ती मंजूर झाली.

पुढच्या दुपारी जाऊबाई भाकरी थापत होत्या. मोबाइल वाजला, हाताला पीठ म्हणून मी वाचून दाखवू लागले. डोणगावच्या एका बाईचा निरोप होता.

"ताई, मले ब्लाऊज नाई पायजे. मले गाठ हाय. डॉक्टरनं ऑपरेशन सांगतलं, मी घरी कोणालेच बोलली नाई. वाटलं कापून बी बाई मरतेच, तं कायले सांगा. तुमचा फोटो आताचा हाय का जुना?"

मला शेवटचं वाक्य आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या बाईला विचारायचं होतं की फोटोतली बाई अजून आहे का. आमच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर कुणीतरी गप्प बसून मरायची तयारी करत होतं, आणि मी आठवडाभर चौकट आणि मजकूर करत बसले होते.

जाऊबाईंनी तवा उतरवला. पिठाच्या हातानेच मोबाइल घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे एक तरुण चेहरा आला, माझ्याहूनही लहान.

"पाह्य," जाऊबाई म्हणाल्या, "आताचा हाय. भाकरी करून राह्यली मी. घरी आज सांग. अकोल्याले मी येतो तुह्यासंग."

ती पोरगी नुसती जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.