ढगांच्या वरचा आरसा

लढाईवरून परतलेला हा गृहस्थ साताऱ्यात सायकली दुरुस्त करतो. पलटणीत तो आरशावर ऊन झेलून डोंगराडोंगरांवरून निरोप धाडायचा. त्यामुळे उन्हाबद्दल तो घरच्या माणसासारखा बोलतो. "ढगाच्या वर लय ऊन वाया जातंय, गड्या," असे म्हणत हातातला पाना आभाळाकडे रोखण्याची त्याला सवय आहे. तिथे मोठा आरसा टांगून ते ऊन खाली उतरवावे आणि त्यावर गिरण्या चालवाव्यात, एवढेच त्याचे म्हणणे.

प्रयोगांसाठी त्याला पिठाच्या गिरणीचे छप्पर हवे होते. मालक म्हणाले, "आधी उन्हावर चहा उकळून दाखव."

रविवारी सगळ्या आळीने आरसे आणले. एक मीही धरला होता. न्हाव्याने दुकानातला आरसा आणल्याने त्याचे गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उभे होते. आमच्या या गृहस्थाच्या हुकमावर सगळे कवडसे काळ्या पातेल्यावर जमले आणि चहाचे पाणी सणसणू लागले. तेवढ्यात मालक आले, आणि हा सवयीने ओरडला, "सावधान!"

आळीत निम्मे पलटणीतले पेन्शनर. त्यांच्याबरोबर सगळेच ताठ झाले, आरसे मांड्यांना चिकटले. पुन्हा नेम धरेपर्यंत सूर्य ढगाआड गेला.

"आता रं?" मालक हसत म्हणाले.

त्याचा चेहरा उलट उजळला. "आवं, तेच सांगतोय न्हवं! आरसा वरच पायजे. तिथं ढग न्हाई, आन् पेन्शनरबी न्हाईत."

मालकांनी पातेल्यातल्या कोमट चहाचा घोट घेतला. "वरची जागा माझी न्हाई. तवर छप्पर घे."

आनंदाच्या भरात तो पुन्हा ओरडला, "सावधान!" अर्ध्या दाढीसकट सगळी आळी ताठ उभी राहिली.