कोपऱ्यातला ठिपका

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहून टाकते.

माझे बाबा मंगरूळपीरच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज कधीचीच बंद पडली. आता बाबांची स्मरणशक्तीही गेलीय. दिवाळीपासून ते मला ओळखत नाहीत.

आज टीव्हीवर एक जुना हिंदी पिक्चर लागला होता. बाबा शांत बसले होते. मधेच उठले आणि टीव्हीशेजारच्या भिंतीवर हात ठेवून उभे राहिले.

"सरक बाजूले. रीळ बदलाचं हाय."

मी टीव्हीकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून गेला. रीळ संपत आलं की तो दिसायचा, आणि दुसरा ठिपका येताच बाबा पुढचं रीळ लावलेलं शेजारचं मशीन सुरू करायचे. लहानपणी त्यांच्या केबिनमध्ये बसून मी हे कितीदा पाहिलंय.

पिक्चर न थांबता पुढे गेला. बाबा समाधानानं खाली बसले. "लोकायले समजलं बी नाई."

"बाबा, पिक्चर कसा हाय?"

"मले काय मालूम? मी त ठिपका पायतो."

मी म्हटलं, "आता तुमी पिक्चर पाहा. ठिपक्याकडे मी ध्यान देते."

थोड्या वेळानं ठिपका आला. मी उठून भिंतीवर हात ठेवला. मागे बाबा हसत होते, प्रेक्षकासारखे, पोट धरून.

तुमच्या घरात बाकीच्यांना पिक्चर पाहता यावा म्हणून ठिपक्यावर नजर ठेवून कोण बसलंय?